हातपुसणे

घरातील वस्तूंमध्येही मानपानाची एक उतरंड असते. दिवाणखान्यातली तसबीर, कपाटातली चांदीची वाटी, देवघरातली समई यांच्याकडे आल्यागेल्याचे लक्ष जाते. त्यांची वाखाणणी होते. मोरीजवळच्या खुंटीवर लोंबणाऱ्या हातपुसण्याच्या वाट्याला मात्र असे भाग्य कधीच येत नाही. दिवसातून वीस वेळा आपण त्याला हात लावतो, पण त्याचा रंग कोणता, असे कोणी अचानक विचारले तर क्षणभर आठवावे लागेल. त्याची आठवण आपल्याला एकाच वेळी होते. ते जागेवर नसते तेव्हा! ओले हात पुढे धरून, कोपरापर्यंत ओघळणारे पाणी सावरीत, "हातपुसणं कुठं गेलं?" म्हणून आपण घर डोक्यावर घेतो.

पूर्वी आपल्याकडे हातपुसण्याला स्वतंत्र जन्म असा नसेच. माणसाला चार आश्रम सांगितले आहेत, तसे ते जुन्या घरातल्या वस्त्रालाही असत. नवे धोतर किंवा लुगडे आधी सणासुदीला मिरवी, मग रोजच्या वापरात येई. ते विरले की त्याचे धडपे होऊन हात पुसण्याच्या कामी लागे. हा त्याचा वानप्रस्थाश्रम. शेवटी पोतेरे होऊन ते जमिनीला लागले, म्हणजे त्याने संन्यास घेतला असे समजावे. शिवाय घरोघर आईचा पदर होताच. जेवून उठलेल्या मुलाचे ओले हात, ओले तोंड आणि प्रसंगी ओले डोळेसुद्धा त्या एकाच पदराला पुसले जात.

हात धुण्याचे महत्त्व आज शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण जगाला ते पटायला फार वेळ लागला. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने प्रसूतिगृहात जाण्यापूर्वी आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही त्याच्या हयातीत बहुतेक डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. पुढे २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा साऱ्या जगाने हात धुण्याचा धडा नव्याने गिरवला. मात्र धुणे हे निम्मे काम झाले. कोरड्या हातापेक्षा ओल्या हातावरून जंतू अधिक सहज पसरतात. म्हणून धुतलेला हात स्वच्छ कापडाने कोरडा केला म्हणजेच ते काम पुरे होते. खुंटीवरच्या त्या दुर्लक्षित फडक्याचे खरे मोल इथे आहे.

मला ते मोल कळले ते पुस्तकातून नव्हे, तर माझ्या आत्यामुळे. आत्या आमच्याच घरी राहत असे. तिच्या हातचे क्रोशाचे काम आमच्या आळीत नावाजलेले होते. दारावर 'सुस्वागतम्' अशी अक्षरे विणलेले तोरण, रेडिओवर पांढरा रुमाल, तांब्यावर कडेने मणी ओवलेले झाकण, परकराला लेस. आमच्या घरातली जी वस्तू स्वस्थ बसलेली दिसे, तिच्यावर आत्या क्रोशाचे काहीतरी पांघरूण घालीच. आम्ही मुले चेष्टेने म्हणत असू, की फार वेळ एका जागी बसू नका, नाहीतर आत्या तुमच्यावरही रुमाल विणील!

एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणे आणि चालणे काही महिन्यांत बरेच सुधारले. पण उजवा हात मात्र परत आला नाही. आत्या त्याबद्दल कधी फारसे बोलली नाही. सुया आणि दोऱ्याची गुंडी तिने एका पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर टाकायला सांगितली, इतकेच.

पण रोजच्या जगण्यात माणसाला अडवणाऱ्या गोष्टी किती लहान असतात! आमच्या मोरीजवळ दांडीवर एक पंचा टाकलेला असे. दोन हात असलेल्या माणसाला त्यात काही अडचण नव्हती. आत्या मात्र डाव्या हाताने त्याचे टोक ओढू लागली, की तो दांडीवरून घसरून खाली पडे. ओल्या फरशीवर वाकून तो उचलणे तिला धोक्याचे होते. मग ती हाक मारी. कोणीतरी धावत जाई, पंचा उचलून देई. दिवसातून आठ-दहा वेळा असे होई. कोणी कंटाळा करीत नव्हते. पण पुढे पुढे तिने हाक मारणेच सोडले. ती हात पदराला पुसू लागली आणि दिवसभर ओला पदर अंगावर वागवू लागली.

एका संध्याकाळी तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "अरे, पंचा पडतो, तो काही पंच्याचा दोष नाही. त्याला कोणी धरून ठेवलेलं नाही. मला खिडकीच्या गजाला बटणानं अडकवता येईल, असं हातपुसणं हवं आहे. मी सांगते आणि तू विण."

मी त्या वेळी सातवीत होतो. घरात विणकाम येणारे दुसरे कोणी नव्हते. मी म्हणालो, "आत्या, हे बायकांचं काम. मुलं हसतील मला."

आत्या शांतपणे म्हणाली, "कोळी आपलं जाळं स्वतः विणतो. त्याला कोणी हसत नाही. तीही दोऱ्याचीच वीण. आणि हात गेला त्याचं मला दुःख आहेच. पण हात पुसायलाही हाक मारावी लागते, त्याचं त्याहून अधिक आहे."

यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते. मी माळ्यावरची पेटी खाली काढली.

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ लहानशी आकडी असा आहे. नावाप्रमाणेच या कलेचे सारे साधन म्हणजे टोकाला आकडी असलेली एक सुई. लोकरीच्या विणकामात दोन सुयांवर एका वेळी कितीतरी टाके तोलून धरावे लागतात. क्रोशात मात्र सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो. आकडीने दोरा पकडायचा आणि त्या फासातून ओढून घ्यायचा, की झाली एक साखळी. साखळीतून सुई घालून दोरा ओढला आणि सुईवरचे दोन्ही फास एकदम बांधले, की झाला मुका खांब. सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेतला, की उंच खांब होतो. एवढ्या तीन गोष्टी आल्या, की माणूस पुष्कळ काही विणू शकतो.

आत्याला करून दाखवता येत नव्हते. ती फक्त सांगू शकत होती. सांगणे इतके नेमके, की माझ्या बोटांना तिच्या शब्दांचाच आधार वाटे. दोरा सुतीच घ्यायचा, हे तिने आधी बजावले. सूत पाणी शोषून घेते. कृत्रिम धाग्यावरून ते नुसते फिरते. वीण मुक्या खांबांची धरायची, कारण "जाळी शोभेला, घट्ट वीण पाण्याला." आम्ही ३१ साखळ्या घातल्या. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घेतला, म्हणजे ओळीत बरोबर ३० खांब आले. ओळ संपली, की एक साखळी घालायची, काम उलटवायचे आणि पुन्हा ३० खांब. नवशिक्याचा शेवटचा टाका हमखास सुटतो आणि विणकाम वर जाता जाता निमुळते होते. म्हणून आत्या प्रत्येक ओळ मला मोठ्याने मोजायला लावी. रोज शाळेतून आल्यावर चार ओळी, असा आमचा नेम ठरला. ६० ओळी झाल्या, तेव्हा सुमारे २० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर लांब असा तुकडा तयार झाला. ३० गुणिले ६० म्हणजे १८०० टाके! त्या दिवसापर्यंत हा माझ्या वहीतला केवळ एक गुणाकार होता. त्यानंतर तो माझ्या बोटांना समजला.

आता तुकड्याला गळा करायचा होता. दोन-दोन खांब एकत्र बांधीत गेलो, तेव्हा ३० चे १५ झाले. पुढच्या ओळीत १५ चे ८. या ८ खांबांचा पट्टा १५ सेंटिमीटर लांब विणला. टोकाशी २ खांब, मग ४ साखळ्या घालून खालचे ४ खांब सोडून द्यायचे आणि पुन्हा २ खांब. हे झाले काजे. त्यावरून आणखी एक ओळ फिरवून दोरा कापला आणि शेवटच्या फासातून ओढून घेतला. पट्टा जिथे सुरू होतो, तिथे आजोबांच्या जुन्या कोटाचे मोठे बटण शिवले. बटण मोठेच हवे, हा आत्याचा हट्ट होता. कारण ते तिला एका हाताने लावता आणि काढता यायला हवे होते.

तिने स्वतःच ते गजाला अडकवले. नळ सोडून हात धुतला, आणि हातपुसण्याच्या घडीत तो घालून, वर-खाली करून कोरडा केला. हातपुसणे जागचे हलले नाही. आत्याने त्याकडे एकदा नीट पाहिले आणि मला म्हणाली, "आता दुसरं सुरू कर. हे वाळत असेल तेव्हा मी काय करू?" त्या दिवशी मोरीकडून एकदाही हाक आली नाही.

पुढे वाचनाच्या निमित्ताने मला कळले, की या आकडीने केवळ माझ्या आत्याचाच स्वाभिमान सांभाळला असे नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. तेव्हा तेथील कित्येक कुटुंबे क्रोशाच्या लेस विणून जगली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या खोऱ्यात नरसापूरच्या परिसरात मिशनरी लोकांबरोबर एकोणिसाव्या शतकात ही कला आली आणि हजारो स्त्रियांची उपजीविका बनली. मात्र तिथली कथा सुखाची नाही. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'दी लेस मेकर्स ऑफ नरसापूर' या पुस्तकात दाखवून दिले, की या स्त्रिया दिवसाचे कितीतरी तास विणत असत, त्यांच्या लेस परदेशी जात असत. पण त्या 'घरबसल्या फावल्या वेळी' विणतात अशी समजूत असल्यामुळे त्यांना मजुरी अतिशय तुटपुंजी मिळे. त्यांच्या श्रमाला कोणी श्रम म्हणतच नसे.

हे वाचले तेव्हा मला ते १८०० टाके आठवले. सोलापूरच्या मागांवर विणलेले टॉवेल प्रसिद्ध आहेत आणि ते असावेतही. यंत्राने माणसाचे पुष्कळ कष्ट वाचवले आहेत. पण खरे क्रोशे आजही हातानेच विणावे लागते. म्हणून बाजारात अस्सल क्रोशाची एखादी वस्तू अगदी मातीमोलाने मिळू लागली, तर आपल्याला स्वस्त मिळाली म्हणून नुसते खूश होऊ नये. कोणाचा तरी हात स्वस्तात गेला आहे, हेही ध्यानात घ्यावे. ज्याने एक ओळ स्वतः विणली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मुलांचे शिक्षण हातांच्या उद्योगातून व्हावे, असा आग्रह धरला. त्यामागे असाच काही विचार असावा, असे मला वाटते. उद्योग शिकताना हाताला कौशल्य येते हे खरेच. पण दुसऱ्याच्या हाताची किंमतही त्यातूनच कळते.

हातपुसणे विणायला फार काही लागत नाही. एक सुई, शंभर ग्रॅमच्या आत सुती दोरा, एक बटण आणि दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी. त्याला दररोज धुवावे, उन्हात वाळवावे, आणि घरात एक वापरात असताना दुसरे तयार ठेवावे. तुमच्या घरी एखादी आजी असेल, हात कापणारे आजोबा असतील, किंवा दांडीपर्यंत हात न पोहोचणारे धाकटे भावंड असेल, तर हातपुसणे कुठे आणि किती उंचीवर अडकवायचे, हे आधी त्यांना विचारा. मदतीची हाक ऐकून धावून जाणे हा चांगुलपणा आहेच. पण ती हाक मारण्याची वेळच येऊ नये, अशी सोय करून ठेवणे हा त्याहून मोठा चांगुलपणा होय.