सोलापुरात काकूंच्या बैठकीसाठी

रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, पाटांवर बसून करावयाचे, असा आमच्या घरचा नेम आहे. गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसण्याची मनाई केली. तेव्हापासून त्यांचे पान शेजारच्या खोलीतील मेजावर मांडले जाऊ लागले. कोणी काही बोलले नाही. परंतु ज्यांनी पन्नास वर्षे त्या पंगतीस वाढले, त्याच पंगतीबाहेर गेल्या. त्यांचे जेवण निम्म्यावर आले. प्लॅस्टिकचे एक स्टूल आणून पाहिले, पण बसताच त्याचे पाय फाकत आणि काकू घाबरून भिंत धरीत. अखेर त्या एकदा म्हणाल्या, "माझ्या माहेरी माजघरात एक बुटके स्टूल होते. आजी त्यावर बसून जेवी. तसले कुठे मिळाले तर पाहा."

काकूंचे माहेर सोलापूरचे. वाडा केव्हाच विकला गेला आणि सामानसुमान चहूकडे पांगले. तेच स्टूल सापडेल अशी आशा बाळगणे वेडेपणाचे होते. पण तसले एखादे सापडावे, एवढ्या हेतूने आम्ही दोघे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून निघालो. निघण्यापूर्वी काकूंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे माप दोऱ्याने घेऊन गाठ मारली. ते पंधरा इंच भरले. बैठक ह्याहून फार बुटकी असली तर उठताना गुडघ्यांवर भार येतो, उंच असली तर पाय लोंबकळतात. घरात विकल्या जाणाऱ्या साध्या स्टुलाची उंची बहुधा अठरा इंच असते, आपल्या पाटाची जेमतेम दोन. काकूंना हवे होते ते ह्या दोहोंच्या मधले.

ज्या गाडीतून आम्ही गेलो तिचे नावच ह्या शहराच्या इतिहासातून आले आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरास लष्करी कायदा लागू झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा हे चौघे येरवड्यास फासावर गेले. त्याआधीचे सोलापूर रेल्वेने आणि गिरण्यांनी घडविले. १८६० साली येथवर लोहमार्ग आला. १८७७ साली पहिली कापडगिरणी, जिला लोक जुनी गिरणी म्हणत, सुरू झाली. व्यापारी, वकील, गिरण्यांतील अधिकारी यांची घरे उभी राहिली आणि त्या घरांतून पाट-चौरंगांच्या जोडीला खुर्च्या, मेजे व स्टुले आली. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, वाडे पडून इमारती झाल्या, आणि ते लाकूडसामान जुन्या बाजारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी दर्शन घेऊन आम्ही बाजार गाठला. पहिल्याच दुकानी मोर कोरलेले, तकतकीत पॉलिश केलेले एक गोल स्टूल पुढे आले. "शंभर वर्षांचे आहे, साहेब," दुकानदार म्हणाला. मी ते पालथे केले. जुन्या वस्तूचे वय तिच्या पोटाखाली वाचावे, असे मी एका वृद्ध सुताराकडून शिकलो आहे. वरची बाजू रंधा आणि पॉलिश बोलवतील तसे बोलते. खालची बाजू सहसा कोणी सजवीत नाही. येथे खाली चौफुली खाचेचे स्क्रू होते. असे स्क्रू १९३० च्या दशकात निघाले. म्हणजे एक तर वस्तू पुढची, किंवा दुरुस्ती तरी पुढची. मग दोरा काढून गोल फळीचा व्यास उभा व आडवा मोजला. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून खरोखर जुनी अखंड गोल फळी काळाने किंचित लांबट होते. ही अगदी वाटोळी निघाली. स्टूल वाईट नव्हते. पण जी शंभर वर्षे त्याने सोसली नाहीत, त्यांची किंमत आम्ही का द्यावी?

दुसऱ्या दुकानात काकूंचे लक्ष एका तिवईवर गेले. तीन पायांची वस्तू कशाही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोके नेहमी एकाच पातळीत टेकतात. इंग्रजांनी ह्याच तिपाईचा 'टीपॉय' केला. त्या शब्दाचा चहाशी मूळ संबंध नाही. परंतु तिवईवर बसणाऱ्याचा भार दोन पायांमधल्या कडेवर गेला की ती कलंडते. म्हाताऱ्या माणसास बसण्यासाठी चार पायच बरे.

असे चार पायांचे स्टूल त्याच दुकानाच्या मागील बाजूस, रंगाच्या डब्यांखाली दबलेले मिळाले. साधे, चौकोनी, सागवानी. खाचेत कुसू बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली. खिळा एकही नाही. एका पायास किडीची छिद्रे होती. मी ते कागदावर ठेवून पाय ठोकला. ताजी पूड पडली नाही, म्हणजे कीड जुनी व मेलेली. शहाबादी फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबले, हलले नाही. दोरा लावला; गाठ फळीच्या कडेशी अर्ध्या इंचाच्या आत आली.

"आजी, बसून बघा की," दुकानदार म्हणाला. काकू बसल्या, कोणाचा हात न धरता उठल्या, आणि पुन्हा बसल्या.

मी घासाघीस करण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात दुकानदार सहज म्हणाला, की ते एका वृद्ध बाईंनी विकले. मुलगा परगावी नेत होता, तेथे जागा लहान. काकू गप्प झाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "फार ओढू नकोस. आमच्या वाड्यातलेही असेच कोणी तरी नेले असेल." मी दोनदाच भाव केला आणि पैसे दिले. तिवईही घेतली, पान ठेवण्यासाठी.

घरी आणल्यावर धाकट्या भावाने ते खरवडून नव्यासारखे करण्याचा बेत केला. मी नको म्हटले. फळीवरचा काळसर गुळगुळीतपणा अनेक बसणाऱ्यांनी दिलेला असतो. तो गेला की उरते ते नुसते लाकूड. कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, तेवढे पुरले. तेलाचे फडके मात्र चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावे. ढिगात ते आपोआप पेटू शकते.

जुनी वस्तू घरात आणताना तिचे वय पाहावे, सांधे पाहावेत, कीड पाहावी, हे खरेच. पण आधी पाहावे ते तीवर बसणारे माणूस. दिवाणखान्यात मिरविण्यासाठी घेतले असते, तर मोरच घेतला असता.

आता काकू पंगतीच्या टोकाशी आपल्या स्टुलावर बसतात, पुढे तिवईवर ताट. उंचावरून त्यांना सर्वांची पाने दिसतात. कोणाचे वरण संपले, हे वाढणारीच्या आधी त्याच सांगतात.