बर्फातील बाबागाडी

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत खानदेशात अजून पाळली जाते. परंतु माहेर जळगावला आणि लेक शिकागोला असेल, तर माहेरच उठून लेकीकडे जाते. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा येथील जैन घरांतून अशी माहेरे आता विमानाने जाऊ लागली आहेत. त्यांच्या पेट्यांत डिंकाचे व मेथीचे लाडू असतात, सुंठ, ओवा, बाळंतशोपा असतात, आणि जुन्या सुती साड्यांची धुऊन धुऊन मऊ झालेली दुपटी असतात. जळगावच्या दाणा बाजारात पेढी असलेल्या एका नानांनी या सामानात आणखी एक वस्तू घेतली होती. ती म्हणजे छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम सहा किलोंची बाबागाडी.

मुंबईच्या दुकानात नानांनी ती फरशीवर चार वेळा फिरवून पाहिली होती. एका बोटाने ढकलली तरी ती वळत असे. नातवासाठी आजोबांची भेट म्हणून याहून योग्य वस्तू त्यांना सुचली नाही. गंमत अशी की, मिटणारी हलकी गाडी ही मुळात एका आजोबांचीच कल्पना आहे. ओवेन मॅक्लॅरन हे इंग्रज अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. त्यांची लेक तान्ह्या मुलाला घेऊन इंग्लंडला आली, तेव्हा जड बाबागाडीने प्रवासात तिची दमछाक झाली. ते पाहून 1965 मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहूनही हलकी गाडी बनविली. विमानतळ, दुकान, गुळगुळीत फरशी यांसाठी तिला आजही तोड नाही. बर्फ हा मात्र तिचा प्रांत नव्हे. नानांना हे जानेवारीत कळले.

नानी मूळच्या धुळ्याच्या, आग्रा रोडलगतच्या गल्लीत वाढलेल्या. शिकागोत पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहत त्या म्हणाल्या, "अरे, ही तर आमच्या गल्ल्यांची आखणी!" हे बोलणे केवळ माहेरच्या ओढीचे नव्हते. खानदेशाची सूत्रे इंग्रजांकडे आल्यावर 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, व्यापाऱ्यांना वसण्यासाठी जागा दिल्या आणि नव्या धुळ्याचे रस्ते सरळ रेषेत आखले. शिकागोचा पहिला नकाशा 1830 चा. पट्टी ठेवून आखलेल्या रस्त्यांच्या बाबतीत धुळे शिकागोपेक्षा दहा-अकरा वर्षांनी वडील आहे. या वडीलकीचा नानींना परदेशात मोठा आधार वाटला. गल्ली मोजत गेले की घर सापडते, ही खात्री त्यांना पहिल्या आठवड्यातच आली.

साम्य तेवढ्यावरच संपले. जळगावच्या थंडीत पहाटे शेगडीजवळ बसले की काम भागते, आणि दहाच्या सुमारास ऊन पाठीवर येते. शिकागोत जानेवारीचे सरासरी तापमानच शून्याखाली असते. मिशिगन सरोवरावरून वारा सुटला की ते आणखी बोचरे होते. 30 जानेवारी 2019 रोजी तर पारा उणे तीसच्याही खाली उतरला होता. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या नानांना जळगावात पावणेसहापर्यंत मिळणारी सवड तेथे नव्हती, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे जेवण यांत दोन-तीन तासांचेच अंतर राही. नवकारसीसाठी सकाळी आठपर्यंत थांबावे लागे. या दोन टोकांच्या मध्ये जो काही उजेड सापडेल, त्यातच घराबाहेर पडणे शक्य होते.

नातू डिसेंबरच्या सुरुवातीला जन्मला. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये, हा नानींचा नियम होता. डॉक्टरांकडच्या खेपांपुरतीच त्यांनी त्याला सूट दिली. जापा नीट पार पडला. लाडू झाले, शेक झाला, तेलाने मालीश झाले. परंतु चौथ्या आठवड्यापासून लेक दुपारी तीनच्या सुमारास खिडकीशी जाऊन बसू लागली. उजेड कमी होऊ लागला की कारण नसताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. जावई सकाळी जाई तो अंधारात परते. जळगावला बाळंतीण खोलीत असली तरी वाड्यात माणसांचा राबता असतो, शेजारीण डोकावते, गल्लीतून भाजीवाल्याची हाक येते. येथे खिडकीबाहेर फक्त पांढरा रंग होता. नानींनी आठ दिवस पाहिले आणि सव्वा महिना पुरा होताच स्वतःच म्हणाल्या, "हिला आता बाहेर न्या. बाळालाही न्या." डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला लेकीच्या या रडण्याविषयी स्पष्ट बोलायचे, हेही त्यांनीच ठरविले. डॉक्टरांनी ते लक्षपूर्वक ऐकले, आणि रोजचा उजेड व थोडे चालणे यांवर भर दिला.

नानांची गाडी अशा रीतीने बाहेर निघाली. शिकागोत ज्याच्या त्याच्या दारासमोरील पदपथावरचा बर्फ त्याने स्वतः काढावा, निदान पाच फूट रुंदीची वाट मोकळी ठेवावी, असा नगरपालिकेचा नियम आहे. पहिली शंभर पावले त्यामुळे सुरळीत गेली. मग कोपरा आला. रस्ता साफ करणारे यंत्र जो बर्फ बाजूला सारते, तो नेमका कोपऱ्यावर साचतो, आणि त्याचा गुडघाभर बांध तयार होतो. बोटभर रुंदीची पुढची चाके त्यात रुतली आणि आडवी वळून तशीच अडकली. नानांनी गाडी उचलायला पाऊल टाकले, पायाखाली काच होती असे वाटावे इतके निसटते बर्फ होते, जावयाने दंड धरला म्हणून ते सावरले. त्याहून वाईट गोष्ट नानींच्या नजरेत आली. बसक्या आसनात बाळाची मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली होती. त्यांनी मुलाला तत्काळ उचलून शालीत घेतले. दहा मिनिटांत सर्वजण घरी परतले. नानांनी गाडी मिटून कपाटाच्या मागे उभी केली आणि त्या दिवशी त्यांनी फारसे कोणाशी बोलणे केले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ते धान्याचा नमुना पारखावा तशा वृत्तीने कामाला लागले. मान धरता न येणाऱ्या बाळाला सपाटच झोपवले पाहिजे, ही पहिली अट नानींची होती. खानदेशातील झोळीतही तान्हे मूल आडवेच असते. बसते करायचे ते साधारण सहाव्या महिन्यानंतर. म्हणून सांगाड्यावर पाळण्यासारखी सपाट टोपली बसविता येईल अशी गाडी हवी. दुसरी अट चाकांची. बर्फात मोठे चाक चढते, लहान चाक खणते. सायकलीसारखी हवा भरलेली रबरी चाके, खाली स्प्रिंग, आणि पुढचे चाक हवे तेव्हा सरळ अडकवून ठेवता येण्याची सोय, एवढे असले की निम्मे काम झाले. 1984 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील फिल बेचलर यांनी मुलाला बरोबर घेऊन धावता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके लावली. आजच्या तीनचाकी गाड्यांची परंपरा तेथून आली. पायाने दाबायचा पक्का ब्रेक आणि उतारावर गाडी हातून सुटू नये म्हणून मनगटात अडकविण्याचा पट्टा, या दोन गोष्टी नानांनी आपल्या वहीत लाल शाईने लिहिल्या.

बाळाच्या ऊबेची सोय करताना खरी चर्चा झाली. बर्फाळ मुलखात गाडीच्या आसनावर झोपण्याच्या पिशवीसारखे जाड आवरण लावतात. त्याला फूटमफ म्हणतात. दुकानात सर्वांत मऊ आणि ऊबदार म्हणून जे दाखविण्यात आले, त्याच्या आत लोकरीसकट मेंढीचे कातडे होते. दुसऱ्यात हंस-बदकांची छातीवरची पिसे होती. ही पिसे बहुतांशी मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, काही ठिकाणी तर ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरूनही उपटली जातात. गाडीचा दांडासुद्धा काही महागड्या प्रकारांत कातड्याने मढविलेला असतो. किराण्याच्या पाकिटावरील घटक वाचण्याची जैन घरांना सवय आहे. बाबागाडीच्या आतल्या बाजूला शिवलेली चिठ्ठीही तशीच वाचावी लागते, याची मात्र कोणालाच कल्पना नव्हती. कातडे आणि पिसे यांवर एकमत व्हायला क्षणही लागला नाही. लोकरीवर मतभेद झाला. साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, कांबळी लोकरीची असते, मग नातवाला लोकर का वर्ज्य, हा नानींचा प्रश्न होता. अमेरिकेत गेल्यापासून दूधही सोडलेल्या लेकीचे म्हणणे असे की, ओघ्याची लोकर आणि आजच्या कारखानी मेंढपाळीतील लोकर एक मानता येत नाही. नानांनी व्यापाऱ्याचा मध्यम मार्ग काढला. आवरण पॉलिस्टरच्या भरणीचे घेतले, आणि नानींनी जळगावहून विणून आणलेली लोकरीची कानटोपी बाळाच्या डोक्यावर राहिली. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटण्याची घाईही कोणाला नाही.

मोठ्या चाकांच्या नव्या गाडीची किंमत हजार डॉलरच्या पुढे निघाली. दोन हिवाळ्यांसाठी एवढी रक्कम नानांच्या हिशेबात बसेना. शेवटी जावयाच्या ओळखीतील, मुले मोठी झालेल्या एका जैन कुटुंबाने आपली वापरलेली गाडी अल्प किमतीत दिली. नानांनी ब्रेक, पट्टे, सांध्यांची जोडणी तपासली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दोषामुळे परत मागविलेल्या वस्तूंच्या यादीत ती नाही, याची जावयाने खातरजमा केली. तेरा किलोंची गाडी लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर रोज नेणे शक्य नव्हते. घरमालकाच्या परवानगीने सांगाडा खाली जिन्याखाली राहू लागला, आणि बाळाची टोपली तेवढी वर-खाली होऊ लागली.

त्यानंतरची शिकवण रस्त्याने दिली. बांध आला की गाडी ढकलायची नाही, पाठमोरी करून ओढायची. मोठी चाके मग आपोआप वर येतात. बाळाला मोठ्यांपेक्षा कपड्याचा एकच थर अधिक घालायचा, आणि हात गार लागले म्हणून न घाबरता मानेमागे बोट लावून ऊब पाहायची. वाऱ्यासाठी हवेची भोके असलेले प्लास्टिकचे आवरण चालते. त्यावर जाड शाल टाकून गाडी बंदिस्त करणे घातक, कारण आत हवा कोंडते आणि बाळ तापते. नानींना ही सवय मोडणे सर्वांत जड गेले. मोटारीत बसविताना तर फुगीर कोट काढूनच पट्टे आवळायचे आणि वरून पांघरूण घालायचे. कोटामुळे पट्टा सैल राहतो व धक्क्याच्या वेळी मूल निसटू शकते. तापमान उणे 18 आणि वारा ताशी 24 किलोमीटर असेल तर उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते, असे अमेरिकेचे हवामान खाते सांगते. अशा दिवशी गाडी जिन्याखालीच राही. एरवी दुपारी दीडच्या सुमारास, ऊन असो वा नसो, मायलेकरे वीस मिनिटे बाहेर जात. पहिले काही दिवस नाना बरोबर असत. नंतर लेक एकटी जाऊ लागली, आणि खिडकीशी आता नानी बसू लागल्या.

फेब्रुवारीत एका रविवारी सर्वजण शहराच्या वायव्येकडील बार्टलेट येथील जैन मंदिरात दर्शनाला गेले. 1893 च्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद गांधी यांचा पुतळा तेथे आहे. नानांनी त्यांना हात जोडले. आत जाण्यापूर्वी जोडे काढतात त्या जागेजवळ चार-पाच बाबागाड्या उभ्या होत्या, त्यांच्या चाकांवरचा बर्फ वितळून फरशीवर ओघळत होता. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा थर चाकांच्या आसावर बसतो आणि लोखंड खातो, हे नानींना एव्हाना ठाऊक झाले होते. त्यांनी पिशवीतून जुन्या साडीचा ओला तुकडा काढला, खाली बसून नातवाच्या गाडीची तिन्ही चाके पुसली, आणि शेजारच्या गाडीची चाकेही पुसायला घेतली.