वंशवृक्ष आणि गोतावळा

आपल्या घराण्याची माहिती जमवावी असे ज्याच्या मनात येते, त्याची दृष्टी हटकून वर जाते. बाप, आजा, पणजा, खापरपणजा अशी एकेक पायरी चढत मूळपुरुषापर्यंत पोचावे, आणि तो कोणा सरदाराच्या पदरी होता असे निघाले तर सोन्याहून पिवळे, अशी त्याची महत्त्वाकांक्षा असते. बाजूला पाहण्याचे त्याला सुचत नाही. आत्या, मावशा, चुलत आज्यांच्या लेकी, त्यांच्या सासरची माणसे हा सारा गोतावळा लग्नमुंजीच्या आहेरापुरता. त्याचा कुळाच्या इतिहासाशी काय संबंध, असेच बहुतेकांस वाटते. माझ्या अनुभवाने मात्र मी असे म्हणेन की, वर जाणारी वाट पुष्कळदा या बाजूच्या घरांतूनच जाते.

बाजूकडे दुर्लक्ष होण्याचे कारण आपल्या वंशावळींच्या जन्मातच आहे. पूर्वजांविषयीच्या भक्तीपेक्षा हक्काच्या चिंतेनेच त्या अधिक लिहिल्या गेल्या. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन इनामांची चौकशी करू लागले, तेव्हा वंशपरंपरा सिद्ध करणे इनामदारांस भाग पडले. पुढे १८७४ मध्ये वतनांचा कायदा झाला. त्यात १८८६ साली झालेल्या दुरुस्तीने शेवटच्या वतनदाराची विधवा वगळून घराण्यातील इतर स्त्रियांचा वारसा पुरुषांच्या मागे ढकलला. अशा कामी दाखल करावयाच्या कागदावर मुलीचे नाव घालण्याचे प्रयोजन कोणास वाटावे? त्यात लग्नाबरोबर मुलीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलण्याची आपली चाल. माहेरची यमू सासरी गेली की कागदोपत्री दुसरीच कोणी होते. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या ठेवण्याचा दंडक पडला. तेथील संशोधकाला भावंडे एका ठिकाणी सापडण्याची आशा तरी असते. आपल्याला ती शोधावी लागतात.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९३६ साली छापला गेला. अलीकडच्या पिढ्यांतील भार्या व कन्या यांची नावे त्यात दिली आहेत. परंतु माझ्या पणजोबांच्या पिढीला तीन भाऊ तेवढे दाखवले आहेत. पैकी धाकट्यापुढे ‘सोळाव्या वर्षी वारले, निर्वंश’ असा शेरा आहे. बहिणीचा मागमूसही नाही.

ती होती हे कळले ते महालयाच्या यादीवरून. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी यादी पोथीच्या बासनात असेल, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. महालयात केवळ बाप, आजा, पणजा यांचेच स्मरण करावयाचे नसते. आई, सापत्न माता, आईकडील पितर, चुलते, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, एवढेच नव्हे तर शिष्य व आप्त यांपर्यंत सर्वांचा उच्चार होतो. आणि आत्या, मावशी, बहीण यांचा तर पती व अपत्ये यांच्यासह. वतनाच्या वंशावळीने ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना श्राद्धविधीने घरात घेतले आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय. आणखी एक सोय अशी की, विवाहित स्त्रीचा उच्चार पतीच्या गोत्राने होत असल्याने तिच्या सासरचे गोत्र आयतेच टिपले जाते.

पणजोबांनी शके १८५० मध्ये, म्हणजे १९२८ च्या सुमारास, मोडीत लिहिलेल्या यादीत भगिनी म्हणून एक नाव आहे, सासरच्या गोत्रासह. गोत्रावरून आडनाव ठरत नाही. शोधाचे क्षेत्र तेवढे लहान होते. बाकीचे काम नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीने केले. या नामावळींत यात्रेकरू आपल्याबरोबर भाऊबंदांची व सोबत्यांचीही नावे लिहीत. खापरपणजोबांच्या यात्रेच्या नोंदीत बरोबर आलेल्या जावयाचे आडनाव आणि गाव दोन्ही निघाले.

परंतु त्या यादीत जे नव्हते त्याचे महत्त्व मला अधिक वाटले. धाकटा भाऊ मुंज झाल्यावर सोळाव्या वर्षी वारला असता, तर भ्राता म्हणून त्याचे नाव तेथे यावयास हवे होते. ज्या गृहस्थाने आपल्या पंतोजींचे आणि एका शेजाऱ्याचेही नाव आठवणीने घातले, तो पाठचा भाऊ विसरेल हे संभवत नाही.

उलगडा त्या आत्याबाईंच्या सासरच्या घरी झाला. त्यांच्या पणतवाने माळ्यावरची पत्र्याची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. आपल्या घराची पत्रे आपल्या घरी कधीच नसतात, हे किती साधे सत्य! आपल्याकडे असतात ती दुसऱ्यांनी लिहिलेली. आपल्या माणसांनी लिहिलेली, ती ज्यांना लिहिली त्यांच्याकडे. पेटीत धाकट्या भावाची तेरा पत्रे होती, पहिले १८९६ सालचे. मोडी उत्तम वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी ती मला वाचून दाखवली. त्याने पुनर्विवाह केला होता, वधू बालविधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पुनर्विवाहानंतर मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे सर्वश्रुत आहे. आमच्या घरच्यांनी त्याहून सोपा उपाय योजला. मुलगा वारला असे सांगितले. तो वऱ्हाडात शिक्षक होता. बहिणीने पत्रव्यवहार तोडला नाही. एका पत्रात तो तिला विनवतो की, आपले कुशल आईस कळवू नये, कारण ती ते मनात ठेवू शकणार नाही. हे वाचताना माझे स्नेही थांबले व त्यांनी चष्मा पुसला.

आजोबांच्या पिढीने वृत्तांताला माहिती पुरवली ती खोटेपणाने, असे मी म्हणत नाही. त्यांना जे सांगितले गेले तेच त्यांनी दिले असावे. पणजोबांना मात्र सत्य ठाऊक होते असे मला वाटते. लोकांपुढे भावाला मेलेला म्हणणे त्यांना जमले. जिवंतपणी त्याला तिलोदक देणे जमले नाही.

त्या ‘निर्वंश’ माणसाचा वंश आज चाळीसांवर आहे. त्यांच्यापैकी एक बाई अमरावतीस असतात. आमचे कूळ कोणते हे त्यांना ठाऊक होते, आम्हांला ते त्यांचे ठाऊक नव्हते. कुलवृत्तांताच्या पुरवणीत काय छापावे यावर आमच्यात सध्या वाद आहे. एका वडीलधाऱ्यांच्या मते नावे द्यावीत, कारण देऊ नये. कारण छापावे असे माझे मत आहे, व तसे मी त्यांना लिहून कळवले आहे.

वृत्तांतात ‘निर्वंश’ असा शेरा असलेली आणखी सात नावे आहेत. त्यांपैकी चौघांना बहिणी होत्या, एवढे आतापर्यंत कळले आहे.