परातीतलं कासव

दहावीच्या सुट्टीत डिचोलीला मामाकडे गेले, तेव्हा पडवीत एक कासव फिरत होतं. तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. मामाला कुणीतरी आणून दिलेलं. घरात लक्ष्मी आली म्हणून मामी खूश.

त्याच्यासाठी उभट वाटीत रोज ताजं पाणी असायचं. वाटीचा काठ त्याच्या डोक्याच्याही वर होता, हे आमच्या लक्षातच आलं नाही. पाणी कमी व्हायचं, म्हणजे ते पितंय असं आम्ही धरून चाललो. (पीत होती मांजर.)

मग ते खाईना. डोळे आत गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "पांढरं काही टाकतं का?" टाकत होतं, रेतीसारखं खरखरीत. पाणी वाचवायला कासव युरिक अॅसिड पांढऱ्या लगद्यासारखं बाहेर टाकतं. लगदा मऊ असेल तर ठीक, खरखरीत झाला की समजावं, अंगातलं पाणी आटत चाललंय. मूत्राशय ही त्याची साठवणीची टाकी. घाबरलं की ती एकदम रिकामी करतं. पाहुण्यांना दाखवायला आम्ही त्याला कितीदा उचललं होतं! दरवेळी फरशी ओली व्हायची आणि आम्ही हसायचो.

आजीने भाकरीची परात दिली. पेडण्याला शेजारच्या विहिरीत लहानपणी कासव बघितलेलं, म्हणून मी परात काठोकाठ भरायला निघाले. डॉक्टरांनी बजावलं होतं ते आजीला आठवलं, म्हणून बरं. हे जमिनीवरचं कासव, खोल पाण्यात बुडून मरतं. कोमट पाणी, हनुवटीच्या खाली राहील इतकंच. आधी ते हललंच नाही. मग मान लांब करून तोंड पाण्यात घातलं आणि गळा हलायला लागला. किती वेळ!

"ताका तान लागिल्ली गो," आजी म्हणाली.

रोज वीस मिनिटं असं चाललं. आठवड्याने ते जास्वंदीची पानं खाऊ लागलं.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं. हे तारा कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात ठेवणं गुन्हा. मामी घाबरली, रानात सोडून देऊया म्हणाली. पण ते कोरड्या माळरानातलं, गोव्याच्या पावसात त्याचं काय होणार? दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी मामाने वन खात्याला फोन केला.

गाडी आली. त्यांनी उचललं, तसं त्याने पडवीभर पाणी सोडलं.

"काका, वीस मिनिटं थांबा," म्हणत मी परात भरायला धावले.