फवारणीवाल्याचं नाक

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषध लागलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात हेच औषध लागून वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो भरती झाली. चॅनेलच्या गाड्या आल्या, चौकशी बसली. मेलेले मोजले गेले. जे जगले आणि अजूनही दर पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरतात, त्यांच्या नाकाबद्दल मला बोलायचं आहे. हसू नका.

माझा चुलतभाऊ मजुरीनं फवारतो. "नाक तं बाराही महिने भरूनच राह्यते," म्हणतो. वासही जवळपास गेलाय; भाजी करपली तरी त्याला पत्ता नसतो. तीन वर्षांत तीनदा दवाखाना झाला. तिन्ही वेळा 'ॲलर्जी' आणि गोळ्या. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही.

नाकाच्या आणि सायनसच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहाएक वेळा हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला शेंबूड घशाकडे ढकलतात. झाडलोटीचं खातंच म्हणा ना. पंपाचे थेंब बऱ्यापैकी मोठे असतात, त्यामुळे फुप्फुसात खोलवर न जाता बरेचसे नाकातच बसतात. कापूस छातीच्या वर गेला की फवारा सरळ तोंडावर येतो. औषधात मिसळलेले द्रावकसुद्धा या अस्तराला झोंबतात, सूज आणतात. वर प्रोफेनोफॉससारखी औषधं ग्रंथींना 'स्रव' सांगणारा मज्जातंतूंचा निरोप थांबूच देत नाहीत. म्हणून फवारणीच्या संध्याकाळी नळासारखं गळणारं नाक दरवेळी पावसात भिजल्याचं नसतं.

अमेरिकेतल्या आयोवात व्यावसायिक फवारणी करणाऱ्यांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वर्षभरात नाक गळणं-चोंदणं झाल्याचं सांगितलं. हा अभ्यास २००९ साली छापून आला. तिथे विचारलं तरी! आपल्याकडे विचारणार कोण?

"मास्क लावा" हा सल्ला सगळे देतात. दुपट्टा ओला झाला की तेच औषध नाकाशी धरून ठेवतो, आणि साध्या मास्कमधून वाफ आरपार जाते. कोळशाच्या गाळणीचा मास्क हवा. तो ऑक्टोबरच्या उन्हात घालून दिवसभर पंप मारायचा, तर मधे सावलीत बसावं लागेल, आणि बसल्या वेळाची मजुरी मालक देत नाही. खरी अडचण इथे आहे, शेतकऱ्याच्या अडाणीपणात नाही.

केसपेपरवर नाव, वय, गाव असतं. कामाचा एक रकाना वाढवायला किती शाई लागते?

येत्या गुरुवारी भावाला परत नेतोय. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मीच पेनानं लिहिणार आहे: 'काम: फवारणी, ११ वर्षं.' आणि रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं पिशवीत घेतलीत.