उमरीचं नाटक

अर्धापुरात नाटक बसवायचं तर आधी केळीच्या गाड्यांचा अंदाज घ्यावा लागतो. व्यापाऱ्याची गाडी बागेत लागली की त्या दिवशी निम्मा संच तालमीला येत नाही. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजायला लागली की उरलेला निम्माही गायब. इसापूर धरणाचं पाणी कालव्यानं या भागात आलं, केळी-हळदीनं चार पैसे दिसू लागले, हे सगळं चांगलंच झालं. पण नाटकवाल्याला कोरडवाहू गाव बरं, असं मी तालमीच्या रिकाम्या खोलीत बसून पुष्कळदा म्हटलंय.

अशा ओढाताणीतून जे नाटक वर्षानुवर्षं घडतंय, ते उमरीच्या बँकेचं. नांदेड-निजामाबाद रेल्वेवरचं उमरी हे स्टेशन. देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही निजामाच्याच राज्यात होतो. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या निजामाविरुद्धच्या लढ्याचे कॅम्प सरहद्दीपलीकडे होते. आमच्या बाजूनं जवळचा म्हणजे उमरखेडचा, तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. तिथल्या मंडळींनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीतली हैदराबाद स्टेट बँक लुटली. वीस लाखांहून जास्त रक्कम हाती आली, आणि लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या या माणसांनी तिच्यातल्या पै-पैचा हिशेब ठेवला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. नागनाथ परांजपे, साहेबराव बारडकर, आबासाहेब लहानकर ही त्यातली नावं. लहान हे आमच्याच तालुक्यातलं गाव, बारड शेजारच्या मुदखेड तालुक्यातलं. म्हणजे गोष्ट इतिहासाची असली तरी भावकीतली.

माझी तिच्याशी पहिली गाठ शाळेत पडली, सतरा सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात. उंच पोरांना क्रांतिकारक केलं, गोऱ्यागोमट्याला बँकेचा मॅनेजर, आणि मला पोतं उचलायला लावलं. पोत्यात सरकीची पेंड होती. संवाद नव्हता. एक मात्र आठवतं: निजामाच्या बाजूनं लढणारा रझाकार व्हायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी गुरुजींनी वर्गातल्या दोन मुसलमान पोरांकडे बोट दाखवलं. ती मुकाट्यानं उभी राहिली, काळ्या टोप्या घातल्या आणि ठरल्याप्रमाणे पळून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांतला एक पुढे आमच्या संचाचा हार्मोनियमवाला झाला. त्याच्याविषयी पुढे येईलच.

कॉलेजला नांदेडच्या पीपल्समध्ये गेलो, तेव्हा तिथले प्राचार्य कुरुंदकर गुरुजी जाऊन काही वर्षं झाली होती. तरी त्यांची सवय त्या भिंतींना लागलेली होती. कुणी काही ठोकून दिलं की समोरचा विचारायचा, "याला आधार काय?" याच गावात दत्ता भगतांची नाटकं लिहिली जात होती, त्यामुळे नाटक म्हणजे मुंबई-पुण्याहून येणारी वस्तू, असं आम्हाला कधी वाटलं नाही. तिथं मी उमरीची एकांकिका लिहिली. घोषणा, बंदुकीचे बार, शेवटी तिरंगा. गॅदरिंगला ती जोरात झाली. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मग नोकरी लागली. पगार स्टेट बँक ऑफ हैदराबादेत जमा व्हायचा. म्हणजे जिची लूट मी रंगवत होतो, त्याच बँकेत. नाव बदललं होतं इतकंच. २०१७च्या एक एप्रिलला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, पासबुकावरचं हैदराबाद गेलं, आणि मी कपाटातून जुनी वही काढली. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, असं माझी बायको म्हणते. मी नाही म्हणत.

पूर्ण नाटक लिहायला बसलो तर पहिलीच अडचण उभी राहिली. दरोडा रंगमंचावर दहा मिनिटांत संपतो. प्रेक्षकाला ऐतिहासिक नाटक म्हणजे जिरेटोप, तलवार आणि पल्लेदार भाषा हवी. आमच्याकडे खादीचे सदरे, धोतरं आणि एक रेल्वे स्टेशन. नाट्य असलंच तर ते लुटीनंतरच्या रात्रीत होतं. महिनोन् महिने नीट जेवायची मारामार असलेली पोरं, पुढ्यात लाखो रुपये, आणि एकाच्याही खिशात एक नोट जात नाही. पण मोजणं हे दाखवायचं कसं? कागदावर लिहिलेला तो प्रवेश वाचताना मलाच जांभई यायची.

तो प्रवेश मी लिहिला नाही, तालमीनं लिहिला. आमच्या संचात एक पतसंस्थेचा कॅशियर आहे. वाचन-तालमीला तो शांतपणे बसायचा, उभ्या तालमीच्या पहिल्याच दिवशी नोटांचं बंडल हातात घेतलेल्या पोराला म्हणाला, "असं मोजत नसतेत. सरक." आणि बसला. बंडल डाव्या हातात दुमडलं, अंगठा ओला केला, ओठ हलायला लागले. तो मोजत होता तोवर खोलीत कुणी हललं नाही. शंभरी झाली की तो एक कवडी बाजूला सरकवायचा. दुसऱ्यानं मध्येच काही विचारलं तर उत्तर न देता नुसता डोळ्यानं दटावायचा. मी घरी येऊन त्या प्रवेशातली दोन पानं फाडली. उरले ते आकडे आणि मध्ये मध्ये एखादा शब्द. पुढे त्यानंच आणखी एक खुबी घातली. लुटीत हाली सिक्का होता, निजामाचा. सरहद्दीपलीकडे चालायचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. तेव्हा एकजण हालीत मोजतो, दुसरा पाठोपाठ कलदारात सांगतो, आणि दोघांची लय चुकली की भांडण. प्रेक्षक तिथं हसतात. लेखक म्हणून मला हे सुचायला हवं होतं असं लोक म्हणतात. सुचलं नसतं, मी जन्मात एवढे पैसे पाहिलेले नाहीत.

संहिता लेखकाच्या टेबलावर पुरी होते, हा गैरसमज तसा जुनाच. 'घाशीराम कोतवाल'चंच बघा. माणसांच्या पडद्याची कल्पना तेंडुलकरांना कोकणातल्या खेळ्यांवरून सुचली, पण त्या पडद्यानं कधी डुलायचं, कधी पाठ फिरवायची, कधी भिंत व्हायचं, हे जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या तालमीत ठरत गेलं. १६ डिसेंबर १९७२ला पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनंच तो थांबवला, तेव्हा त्याच मंडळींनी थिएटर अकॅडमी काढून तो पुन्हा उभा केला. इतिहासावरचं नाटक लोकांना झोंबतं ते असं. आणि आमच्या जवळचा दाखला द्यायचा तर जालन्याच्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२मध्ये आलं, शेतकऱ्यांच्या पोरांनी गावच्याच बोलीत केलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. ते पाहून आमच्या संचानं मला धमकीच दिली: पुण्याच्या भाषेत लिहिलंत तर आम्ही बोलणार नाही.

अभिवाचनाची सवय आम्हाला गरजेतून लागली. प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते; एकदा शिक्का बसला की मनाला येईल तसं खोडता येत नाही. म्हणून जे काही बदलायचं ते आधी लोकांपुढं वाचून बदलायचं. खुर्च्या मांडायच्या, हातात कागद, एकानं रंगसूचना वाचायच्या. कधी शाळेचा हॉल, कधी कुणाच्या वाड्याची ओसरी, एकदा नांदेडात.

अभिवाचनानंतर लोक बोलतात, आणि इथं बोलण्यात कुणी हात आखडता घेत नाही. नांदेडच्या वाचनाला स्वातंत्र्यसैनिकांच्या घरची माणसं आली होती. "आमच्या आजोबांचं नाव का नाही?" हा पहिला प्रश्न. दुसराही तोच. तिसराही. सगळ्यांचे आजोबा खरे धरले तर उमरीला त्या दिवशी स्पेशल गाडी सोडावी लागली असती. मी हसण्यावारी नेलं. पण एका बाईनं वेगळं विचारलं. आजोबा कॅम्पावर असताना आजी इकडे गावात होती, पोलीस रोज दारात यायचे, तिचं काय? तेव्हापासून पहिल्या अंकात कॅम्प आणि घर हे आलटून पालटून येतात.

आणखी एक घोळ गांधीजींचा होता. ज्या दिवशी उमरीची बँक लुटली, त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. असला योगायोग नाटककाराला फुकटात मिळत नाही. मी तो दुसऱ्या अंकाच्या टोकावर ठेवला होता. रेडिओवरून बातमी, सगळे स्तब्ध, पडदा. अर्धापुरातल्या एका निवृत्त मास्तरांनी वाचन संपताच चष्मा पुसत विचारलं, "जंगलात रेडिओ होता, याला आधार काय?" पीपल्सच्या भिंती इथपर्यंत आल्या तर! आता बातमी मोजणी चालू असताना कुणीतरी पायी घेऊन येतो. कॅशियर ऐकतो, आकडा विसरतो, आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. बस, एवढंच. टाळी जाते, पण अंक संपतो.

खरं अडलंय ते तिसऱ्या अंकात. तो आधी १७ सप्टेंबरला संपायचा. तेरा तारखेला भारताच्या फौजा शिरल्या, सतराला निजामानं शरणागती पत्करली, झेंडा वर गेला. ओसरीवरच्या वाचनाला हार्मोनियमवाल्याची आई आली होती, कडेला खांबाला टेकून बसलेली. झेंड्याशी वाचन थांबलं. चहा आला. ती लेकाला म्हणाली, "बस? इत्ताच?" मग माझ्याकडे बघून, "उसके बाद का नै लिखे, सर?" लेक म्हणाला, "अम्मी, चाय पी." ती चहा प्याली.

त्यानंतरचं कागदावर आहेच. फौजांच्या त्या पोलीस ॲक्शननंतर संस्थानात जे घडलं, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिच्या अंदाजानं संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आमचं नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला, २०१३च्या सुमाराला उघड्यावर आला. रझाकारांनी आधी जे केलं त्यानं गावंच्या गावं सरहद्दीपार पळाली होती, हेही तितकंच खरं, आणि ते पहिल्या अंकात आहे. संचात यावरून दोन तट पडले. एकजण म्हणाला, लढ्याच्या नाटकात हे घातलं तर सतरा सप्टेंबरला कोण प्रयोग देईल? दुसरा म्हणाला, नाही घातलं तर हार्मोनियम कोण वाजवील? हार्मोनियमवाला म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका. मी पेटी वाजवतो." त्याच्या त्या बोलण्यात मला शाळेतली काळी टोपी दिसली, त्याला दिसली की नाही, मी विचारलेलं नाही.

लढा खोटा ठरतो असं मला वाटत नाही. लढलेल्यांनी पैसा असा सांभाळला, हेच माझ्या नाटकाचं बळ आहे. पण म्हणूनच तिसरा अंक झेंड्यापाशी थांबवणं जमेना. आता तो बँकेत घडतो. पोलीस ॲक्शन होऊन गेलीय, हाली अजून चालतंय, खिडकी उघडली आहे. दुसऱ्या अंकात लूट मोजणाराच नट इथं बँकेचा कारकून. खातेदारांची नावं पुकारतो. काही येतात. काही नावांना कुणीच येत नाही, तो खूण करतो आणि पुढचं नाव घेतो. गावं मी माझी घातलीत, नावं बदललेली.

मागच्या तालमीत कॅशियरनं ते सत्तावीस ते चाळीस हजार वहीच्या कडेला मांडून पाहिले. म्हणाला, "सर, तेरा हजाराचा फरक हाय. आमच्याकडं तेरा रुपये कमी निघाले तर संध्याकाळी घरी सोडत नाहीत." हे वाक्य कारकुनाच्या तोंडी द्या, असा त्याचा हट्ट आहे. मी नको म्हणतोय. १९४८च्या कारकुनाला समितीचा आकडा ठाऊक असण्याचं कारण नाही, मास्तर पुन्हा आधार मागतील. शिवाय मोजणाऱ्याचे ओठ हलताना दिसत असले की वाक्य कशाला? तो ऐकत नाही. दिग्दर्शकही त्याच्या बाजूला गेलाय. रविवारी अंक दोन्ही तऱ्हांनी वाचायचा ठरलंय, एकदा वाक्यासकट, एकदा वाक्याविना. हार्मोनियमवाला म्हणाला, अम्मीला घेऊन येतो, तिला पुढची खुर्ची ठेवा.