घोड्यावर सापडलेलं हाड

सारंगखेड्याला मी घोडे बघायला गेले आणि एका हाडाच्या नादी लागले. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी त्या हाडाबद्दल सांगत सुटले आहे. आता तुम्हाला सांगते.

तापीच्या काठावरच्या या गावात, शहादा तालुक्यात, मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाबहून जनावरं उतरतात. दुधासारखे नुकरे, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याण, अबलख, कुमैत, कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी आणि काठियावाडी. डिसेंबरची थंडी, धूळ, टापांचा आवाज, लाखांचे सौदे. मी भान हरपून फिरत होते. बाजाराच्या कडेला एक वयस्कर घोडेवाले काका हातात लांब दोरी धरून नवख्या माणसांना गोल फिरवत होते. मी पुढे झाले. खोगिरावर चढले, रिकिबीत पाय अडकवले, गुडघे घट्ट आवळले आणि घोडं चालायला लागताच भाताच्या पोत्यासारखी हिंदकळायला लागले.

“ताई, रिकिबीतनं पाय काढा,” काका म्हणाले.

मी काढले.

“आता मांड्या सैल सोडा. खाली दोन हाडं टोचतील, त्यांच्यावर बसा. लगाम नंतर.”

आणि टोचली की! डावीकडे एक, उजवीकडे एक, अगदी स्पष्ट. घोड्याच्या पाठीची एक बाजू वर आली की त्या बाजूचं हाड वर उचललं जायचं, मग दुसरं. डाव्या हाडावर जरा वजन टाकलं की घोडं डावीकडे झुकायचं, मी लगामाला हात न लावता! इतकी वर्षं मी ज्यांच्यावर बसत आले ती हाडं मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटली. घोड्याला मात्र ती खोगिरातून कळत होती.

घरी आल्यावर मी शरीररचनेची पुस्तकं घेऊन बसले ती उठलेच नाही. या हाडाचं नाव इश्चियम. कमरेखालचा आपला सांगाडा, पेल्व्हिस, प्रत्येक बाजूला तीन हाडांनी बनतो. वरचं पसरट ते इलियम, पुढचं प्युबिस आणि मागचं खालचं इश्चियम. लहान मुलात ही तिन्ही सुटी असतात, मध्ये फक्त कूर्चा. वयात येताना ती खुब्याच्या वाटीत एकत्र जुळतात. म्हणजे मांडीचं हाड ज्या वाटीत फिरतं ती वाटी तिघांनी मिळून घडवलेली! इश्चियमचा खालचा जाड, खडबडीत उंचवटा म्हणजे आपली बैठक. लाकडी स्टुलावर बसा, तळहात वर करून बुडाखाली सरकवा आणि जरा पुढेमागे डोला. जे कठीण टोक हाताला लागतं तेच ते.

मला सगळ्यात थरारून टाकलं ते यापुढच्या गोष्टीनं. उभं असताना या हाडावर नितंबाचा मोठा स्नायू पसरलेला असतो. मला वाटायचं, निसर्गानं तिथे गादीच घातली आहे. पण आपण बसायला वाकलो की तो स्नायू वर सरकतो आणि हाड उघडं पडतं! खाली उरते ती चरबी, एक पातळ द्रवाची पिशवी आणि कातडी. बस्स. एवढ्यावर आपण शाळा, कचेऱ्या, एसटीचे प्रवास आणि लग्नाच्या पंगती निभावतो.

त्या पातळ पिशवीला बर्सा म्हणतात. कठीण जागी तासन् तास बसून ती सुजली की बसणं म्हणजे शिक्षा होते. इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला विणकरांचंच नाव पडलं होतं. ते वाचलं आणि येवल्याचे पैठणीचे माग डोळ्यांसमोर आले. रेशमाच्या काठात मोर उमटेपर्यंत हातमागावर बसून राहणारी माणसं! पैठणीचं कौतुक करताना आपण त्यांच्या बोटांबद्दल, डोळ्यांबद्दल बोलतो. त्या बैठकीबद्दल कुणी बोलत नाही.

पण बर्सा सुजते तेव्हा निदान दुखतं तरी. जिथे दुखतच नाही तिथली हकिकत वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आपण खुर्चीत बसल्या बसल्या सारखे चुळबुळतो, ते का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. हाडाखालच्या मांसातल्या बारीक केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब पाऱ्याच्या साधारण 30 मिलिमीटरच्या आसपास असतो. कठीण जागी बसलं की या टोकांखालचा दाब 100 च्याही वर जाऊ शकतो. वाहिन्या मिटतात, मांस उपाशी राहतं, मज्जातंतू ओरडतात आणि आपण नकळत कूस बदलतो. ज्याच्या मणक्याला मार बसून कमरेखालची संवेदना गेली आहे, त्याला ही हाक ऐकूच येत नाही. तो बसलेलाच राहतो. आणि जखम आतून, हाडाजवळून सुरू होते. वर कातडीवर नुसती लाली दिसते तेव्हा आत बरंच काही मेलेलं असू शकतं. पुढे जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला तर जिवावर बेततं.

म्हणून व्हीलचेअरवरच्या माणसाला दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायला किंवा पुढे-बाजूला झुकायला शिकवतात, रोज आरशात ती जागा बघायला सांगतात, योग्य गादी निवडून देतात. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आले. अशी कर्तबगारी ऐकताना आता मला त्या रोजच्या, कुणाला न दिसणाऱ्या उचलण्याची आठवण होते. पाण्यातल्या त्या विजयाइतकीच मला ती मोठी वाटते.

आणि हेच हाड वजन झेलण्यासाठी मुद्दाम वापरतातही! मांडीतून पाय कापावा लागलेल्या माणसाचा कृत्रिम पाय कशावर टेकतो? त्याच्या खोबणीची वरची कड या हाडाला आधार देते. मांडीचं हाड मोडलं की सरकारी दवाखान्यातही दिसणारा थॉमस स्प्लिंट, लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेला, त्याचं वरचं कडं इथेच रेटून बसतं. पहिल्या महायुद्धात त्यानं मांडी मोडलेल्या कितीतरी सैनिकांचे जीव वाचवले.

मग मी बाळंतपणाच्या प्रकरणाशी पोहोचले. इश्चियमला मागच्या अंगाला एक टोकदार काटा असतो, आत वळलेला. दोन्ही बाजूंच्या काट्यांमधलं अंतर बाईच्या शरीरात साधारण 10 सेंटीमीटर. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची रुंदी साधारण साडेनऊ! हीच बाळाच्या वाटेतली सगळ्यात चिंचोळी जागा. नर्स किंवा डॉक्टर आतून तपासताना बोटांनी हेच काटे शोधतात. डोकं त्यांच्या रेषेत आलं की त्या पातळीला शून्य म्हणतात. वर असेल तर उणे, खाली सरकलं तर अधिक. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली एखादी नर्स ‘अजून वेळ आहे’ की ‘आत्ताच गाडी बोलवा’ हे ठरवते तेव्हा बाकीच्या खुणांबरोबर या दोन टोकांचाही तिला आधार असतो. त्या काट्याला वळसा घालून जाणाऱ्या मज्जातंतूभोवती भुलीचं इंजेक्शन देतात, तेही काटा बोटानं चाचपूनच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा बाजारात गेले आणि आता घोडे वेगळेच दिसायला लागले. एक गिऱ्हाईक घोडीच्या मागे उभं राहून शेपटीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवत होतं. तिथली ती दोन टोकं, पुठ्ठा जिथे संपतो तिथली, तीही इश्चियमच! घोड्याची लांबी मोजतात ती खांद्याच्या टोकापासून याच टोकापर्यंत. मागच्या पायाचा रेटा देणारे मोठे स्नायू इथे धरलेले असतात, म्हणून जाणता माणूस पुठ्ठ्याची लांबी-रुंदी बघतो. दुभती गाय घेतानाही या दोन टोकांमधली रुंदी बघतात, कारण वासराची वाट तिथूनच जाते. म्हणजे घोड्यावर मी माझ्या इश्चियमवर बसले होते आणि घोडं त्याच्या इश्चियमच्या जोरावर मला पुढे नेत होतं!

सातपुड्यातली वानरं बघा. बुडावर दोन घट्टे असतात त्यांच्या, नेमके याच हाडांवर. त्यांच्या भरवशावर ती फांदीवर बसल्या बसल्या झोपतात. चिंपांझीचं हे हाड लांब, चढायला जोर देणारं. आपलं आखूड आणि मागे वळलेलं, म्हणून मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आपल्याला ताठ उभं ठेवून लांब ढांगा टाकू देतात.

ते हॅमस्ट्रिंग जिथून निघतात तिथलंच आता सगळ्यात महत्त्वाचं. शहादा, नंदुरबार, दोंडाईचा, कुठल्याही रस्त्यावर पहाटे बघा, पोलिस भरतीची पोरं-पोरी 1600 मीटर, 800 मीटर, 100 मीटरसाठी पळत असतात. शाळांच्या मैदानांवर कबड्डी चालू असते. बैठकीच्या हाडाचं टोक तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास वेगळ्या तुकड्यासारखं तयार होतं आणि विशी उलटेपर्यंत मूळ हाडाशी पक्कं जुळत नाही. स्नायू मात्र तोवर दांडगे झालेले असतात. जोरात धाव घेताना, पाय ताणताना तो स्नायू हाडाचं टोकच उपटून काढू शकतो. ‘कट्’ आवाज येतो, बुडाखाली कळ जाते, बसवत नाही. मैदानावर सगळे म्हणतात, शीर आखडली असेल, तेल लावून चोळ. चोळू नका! एक साधा एक्स-रे काढा. तुकडा फारसा सरकला नसेल तर विश्रांती आणि सावकाश व्यायामानं बहुतेक पोरं पुन्हा पळतात. दोन-एक सेंटीमीटरहून जास्त सरकला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि तो जितका लवकर होईल तितका बरा. खेळाच्या शिक्षकांना, भरतीच्या अकादमी चालवणाऱ्या दादांना मी हे गाठून गाठून सांगते आहे. तुमच्या ओळखीत कुणी पळणारं असेल तर त्यालाही सांगा.